सौजन्याचा प्रकाश : गौतम राजाध्यक्ष यांची स्त्री-चित्रे

छायाचित्रण ही कला आहे की केवळ यंत्राची करामत, हा वाद आता इतका जुना झाला आहे की त्यात पुन्हा शिरण्याची हौस वाचकांस नसेल, आम्हांसही नाही. परंतु त्या वादाच्या गलबल्यात एक प्रश्न कोपऱ्यात तसाच पडून राहिला. यंत्र चालविणाऱ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, यंत्राविषयी तर त्याहून अधिक. पण यंत्रासमोर जी व्यक्ती येऊन बसते तिचे काय? आणि ती व्यक्ती स्त्री असली म्हणजे? चेहरा तिचा, परंतु तो कसा दिसावा हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? कै. गौतम राजाध्यक्ष यांनी सुमारे तीस वर्षे स्त्रियांची जी व्यक्तिचित्रे घेतली, त्यांचा विचार आम्ही येथे या एका प्रश्नाच्या अनुरोधाने करणार आहोत. राजाध्यक्ष मुंबईचे, आणि त्यांची कामगिरीही मुख्यतः मुंबईची. तरीही त्यांच्याविषयी कोल्हापुरात बसून लिहिताना आपण परक्या विषयाला हात घालीत आहोत असे आम्हांस वाटत नाही. स्त्रीचा चेहरा कॅमेऱ्याला दाखवावा की नाही, आणि दाखवावयाचा तर कोणत्या प्रकाशात, हा प्रश्न या गावाने शंभर वर्षांपूर्वी हाती घेतला होता. त्याचे उत्तर मात्र तेव्हा अर्ध्यावरच राहिले.

प्रथम राजाध्यक्षांविषयी चार शब्द. त्यांचा जन्म १९५० सालचा. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि काही काळ तेथेच अध्यापनही केले. १९७४ मध्ये ते लिंटास या जाहिरातसंस्थेत गेले व तेथील छायाचित्रण विभागाचे प्रमुख झाले. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम यांच्यासारख्या अभिनेत्रींची चित्रे त्यांनी घेतली, आणि छंद म्हणून जे चालले होते त्याचा व्यवसाय होऊ लागला. १९८७ साली नोकरी सोडून ते सर्वस्वी या कामाला लागले. 'चंदेरी' या मराठी नियतकालिकाचे संपादन त्यांनी केले; १९९७ मध्ये 'फेसेस' हा इंग्रजी चित्रग्रंथ आणि पुढे मराठीत 'चेहरे' हे पुस्तक त्यांच्या नावावर जमा झाले. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. रसायनशास्त्राच्या पदवीधराने छायाचित्रकार व्हावे हे ऐकून कोणास अंधाऱ्या खोलीतील द्रावणांची आठवण होईल. परंतु ज्यांनी त्यांना काम करताना पाहिले त्यांच्या बोलण्यात द्रावणांचा उल्लेख क्वचितच येतो. येतो तो त्यांच्या गप्पांचा आणि गाण्यावरील त्यांच्या प्रेमाचा.

या गप्पा हे त्यांच्या कलेचे केवळ अंगभूत भूषण नव्हे, तर तिचे मुख्य साधन होते असे आमचे मत आहे. चित्रासाठी बसणारी स्त्री, मग ती कितीही नामांकित असो, कॅमेऱ्यासमोर येताच आपला एक ठरलेला चेहरा लावून बसते. नटीचा ठरलेला चेहरा तिच्या पोटापाण्याचा असतो, आणि गृहिणीचा लाजेचा. पण दोन्ही मुखवटेच. हा मुखवटा उतरविण्याचे दोन मार्ग छायाचित्रकारांनी आजवर चोखाळले आहेत. त्यांपैकी एक हिसकावून घेण्याचा. कॅनडातील प्रख्यात छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी १९४१ च्या डिसेंबरात ऑटावा येथे चर्चिल यांच्या तोंडातील सिगार अचानक काढून घेतली आणि त्या क्षणीचा त्यांचा संताप टिपला, ही कथा सर्वश्रुत आहे. चित्र अप्रतिम उतरले यात शंका नाही. परंतु ते चर्चिल यांनी दिलेले नव्हे, त्यांच्याकडून काढून घेतलेले आहे. युद्धकाळातील पंतप्रधानास ते शोभूनही गेले. हाच प्रयोग एखाद्या स्त्रीवर केला असता तर त्याला कौशल्य म्हणावे की अतिक्रमण, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसरा मार्ग थांबण्याचा, आणि राजाध्यक्ष त्या मार्गाचे प्रवासी होते. समोरच्या स्त्रीला बोलते करावे, तिच्या आवडीच्या गाण्याविषयी, माणसांविषयी, जुन्या दिवसांविषयी बोलू द्यावे, आणि ती आपण चित्रासाठी बसलो आहोत हे विसरली की मग यंत्राकडे वळावे. त्यांच्या चित्रांकडे पाहताना हे ध्यानात आल्यावाचून राहात नाही. त्यांतील स्त्रिया बहुधा सरळ आपल्याकडे पाहतात, आणि ती नजर प्रश्न विचारणारी किंवा आव्हान देणारी नसते. नुकतेच काहीतरी बोलून संपले आहे आणि आता उत्तराची वाट आहे, अशी असते. पार्श्वभूमी साधी, बहुतेक वेळा अंधारात विरलेली; खुर्ची, पडदा, फुलदाणी यांचा पसारा नाही. प्रकाश मऊ, एका अंगाने येणारा, आणि गालावरून कानाकडे जाताना हलकेच मावळणारा. हा प्रकाश चेहऱ्यावर आघात करीत नाही. आपल्याकडे पाहुण्याला दिवा दाखवीत माजघरात आणतात, तशा रीतीने तो त्या स्त्रीला चित्रात आणतो.

आता कोल्हापूरकडे वळू. १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' मध्ये तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले, हे प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. त्या काळच्या रंगभूमीवरही स्त्रीसौंदर्याचे जे आदर्श होते ते पुरुषांनीच उभे केलेले होते. बालगंधर्वांची नेसण आणि त्यांची लकब घरंदाज स्त्रिया उचलीत असत, आणि आमच्या गावचे केशवराव भोसले हेही स्त्रीभूमिकांसाठी नावाजले गेले. रंगमंचावर, काही हातांच्या अंतरावरून, रंगलेपनाच्या आधाराने हे चालून गेले. परंतु कॅमेरा चेहऱ्यापाशी येऊन उभा राहतो. हनुवटीची ठेवण, मनगटाची रुंदी, मान वळविण्याची सवय यांतील काहीच तो नजरेआड करीत नाही. बाबुराव पेंटर हे मूळचे चित्रकार. आनंदराव या आपल्या बंधूंसह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले होते, आणि १९१६ साली आनंदराव निवर्तल्यावर दामल्यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये स्वतःचा कॅमेरा घडवून पुरा केला. अशा माणसाच्या डोळ्याला ही विसंगती खुपणे स्वाभाविकच होते. १९२० च्या 'सैरंध्री' मध्ये त्यांनी स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडूनच करवून घेतल्या. फाळक्यांनीही कमलाबाई व दुर्गाबाई कामत यांना पूर्वीच पडद्यावर आणले होते, म्हणून बाबुराव पहिले असे आम्ही म्हणत नाही. पण चित्रकाराच्या दृष्टीने स्त्रीच्या चेहऱ्यावर प्रकाशाची योजना करणारे आपल्याकडील पहिले चलच्चित्रकार ते, हे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

ही योजना किती अवघड होती याची कल्पना आजच्या वाचकास सहसा नसते. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी होती. कपाळावरचे लाल कुंकू चित्रात काळा ठिपका होऊन उमटे, ओठ काळे पडत, आणि गव्हाळ वर्ण असे तो आणखी दोन छटा सावळा दिसे. म्हणून चेहऱ्यावर पांढुरक्या भुकटीचा लेप द्यावा लागे, आणि लेप दिला की चेहऱ्यावरील सूक्ष्म भाव बुजून जात. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आली, आणि तोवर आपल्या स्त्रियांचा खरा वर्ण पडद्यावर दिसलाच नाही असे म्हटले तरी चालेल. उन्हात पांढरी कापडे ताणून प्रकाश गाळून घ्यावयाचा, पत्रे धरून तो परतवावयाचा, असे करीत बाबुरावांनी काम भागविले. पुढे १९२३ च्या 'सिंहगड' मध्ये त्यांनी कृत्रिम दिव्यांचा अवलंब केला. 'सावकारी पाश' (१९२५) मधील अंधाऱ्या झोपडीच्या दृश्याची वाखाणणी जुन्या प्रेक्षकांनी केली आहे. ते चित्रपट आज बहुतांशी नष्ट झाले आहेत, हे महाराष्ट्राचे दुर्दैव.

परंतु आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते वेगळेच. 'सैरंध्री' मध्ये काम करणाऱ्या त्या दोन स्त्रिया गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यावर त्यांची नावे झाली कमलादेवी आणि सुशीलादेवी. तमासगीर नाही तर कलावंतीण असा शिक्का ज्यांच्या कपाळी बसावयाचा, त्यांना देवीपद देऊन कंपनीने त्यांचे आणि स्वतःचे रक्षण केले, असे कोणी म्हणेल, आणि तत्कालीन समाजाकडे पाहता त्यात तथ्यही आहे. तथापि या स्त्रियांना आपला चेहरा कसा दिसावा हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे नावदेखील त्यांचे उरले नाही. बाबुराव दृश्ये आधी कागदावर रेखाटीत, पेहराव आणि पात्रांची ठेवण चितारून ठेवीत. स्त्री त्या रेखाटनात येऊन बसावयाची. कलेच्या दृष्टीने हे उच्च प्रतीचे होते. पण चित्र आधी आणि स्त्री मागाहून, असा त्याचा क्रम होता. गंमत अशी की ज्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हे घडत होते ती उभी राहिली तानीबाई कागलकर या गायिकेच्या पैशावर. श्रीमंतांनी पाठ फिरविली तेव्हा एका स्त्रीने हात दिला, हे आमच्या गावच्या इतिहासात जितक्या ठळकपणे लिहावयास हवे होते तितके लिहिले गेले नाही.

या दोन कालखंडांना जोडणारा चेहरा दुर्गा खोटे यांचा. १९३२ साली प्रभात कंपनीने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला आणि त्यात तारामती झाल्या दुर्गाबाई. पुरुषाने केलेल्या तारामतीनंतर एकोणीस वर्षांनी ही सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातील तरुणी स्वतःच्या नावाने तारामती म्हणून उभी राहिली, आणि तिला कोणी देवी म्हणून नाव बदलून दिले नाही. पुढे १९३७ मध्ये शालिनी सिनेटोनच्या 'प्रतिभा' या चित्रपटात त्यांनी खुद्द बाबुराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली काम केले. याच दुर्गाबाईंपासून राजाध्यक्षांच्या 'फेसेस' मधील पंचेचाळीस चेहऱ्यांची मालिका सुरू होते आणि ऐश्वर्या राय यांच्यापर्यंत येते. हा क्रम आम्हांस केवळ वयाचा वाटत नाही. आपल्या चेहऱ्यावर आपला हक्क आहे असे मराठी स्त्रीने ज्या दिवसापासून मानले, तेथून ही मालिका सुरू होते.

बाबुरावांच्या काळी दुर्गाबाई तरुण होत्या. राजाध्यक्षांच्या यंत्रासमोर आल्या तेव्हा वृद्ध. वृद्ध स्त्रीचे चित्र घेणे ही छायाचित्रकाराची खरी परीक्षा. सुरकुती दाखवावी तर क्रूरपणाचा दोष, लपवावी तर खोटेपणाचा. जुन्या छायाचित्रालयांत निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून सुरकुत्या बुजविणारे कारागीर असत. त्यांच्या हातून उतरलेल्या कित्येक आज्या आपल्या घरांच्या भिंतींवर आहेत, आणि त्यांतील बऱ्याच जणी साठीच्या असूनही तिशीच्या बाहुल्यांसारख्या दिसतात. राजाध्यक्षांचे सौजन्य निराळ्या जातीचे आहे. ते चित्र निघाल्यानंतर होत नाही, निघण्यापूर्वी होते. प्रकाश पुरेसा मऊ असला की सुरकुती खोल दिसत नाही, पण जातही नाही. आणि डोळे बोलू लागले की पाहणाऱ्याचे लक्ष सुरकुतीवर खिळत नाही. पेन्सिल वय पुसते, आणि हा प्रकाश त्या वयाला चित्रात जागा करून देतो.

लता मंगेशकर यांच्या चित्रांविषयीही हेच म्हणता येईल. मास्टर विनायक यांच्या कंपनीत असताना लताबाई कोल्हापुरात राहात होत्या, म्हणून आमच्या गावाला त्या परक्या नव्हेत. त्यांची पांढरी साडी सर्वपरिचित आहे, आणि तीच छायाचित्रकाराची अडचण. पांढरे वस्त्र सर्वाधिक प्रकाश परतविते. नजर चेहऱ्याआधी पदराकडे जाते, आणि पदराला न्याय द्यावा तर चेहरा काळवंडतो. नवशिक्याच्या हातून अशा वेळी वस्त्राची पांढरी भिंत होते, तिच्यावर एक डोके ठेवल्यासारखे. राजाध्यक्षांनी ही अडचण प्रकाशाच्या मात्रेने सोडविली, आणि त्या साडीतील साधेपणा हाच चित्राचा विषय केला. ज्या स्त्रीने आपण कसे दिसावे हे स्वतःच्या निश्चयाने ठरविले आहे, तिला बदलण्याचा यत्किंचितही प्रयत्न त्यांनी केला नाही.

येथवर गुणगान झाले. आता आक्षेप. राजाध्यक्षांच्या सौजन्याची मर्यादा त्यांच्या तरुण नट्यांच्या चित्रांत उघडी पडते. अठरा-वीस वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर अद्याप काही लिहिलेले नसते. तेथे मऊ प्रकाशाला झाकावयास काही नसते आणि उजळावयासही फारसे नसते. मग चित्र केवळ गुळगुळीत होते. चित्रपट-नियतकालिकांच्या मुखपृष्ठांसाठी घेतलेली त्यांची कित्येक चित्रे एकापुढे एक ठेवली तर नावे वाचल्यावाचून माणसे ओळखू येऊ नयेत इतकी एका वळणाची आहेत. मुखपृष्ठाची ती गरज होती आणि विक्रीवर डोळा ठेवणाऱ्या संपादकाची मागणीही तीच होती, हे मान्य. पण जो कलावंत वृद्धेच्या चेहऱ्यात तिचे आयुष्य दाखवू शकतो त्याने तरुणीच्या चेहऱ्यात तिची अधीरता, तिची भीती, तिचा हट्ट दाखवू नये याचे आम्हांस वाईट वाटते. सौजन्याला एक भय असते, समोरच्याला दुखविण्याचे. आणि व्यक्तिचित्रात कधीकधी थोडे दुखवावेच लागते. कार्श यांचा मार्ग आम्हांस मान्य नाही, पण त्यांचे धैर्य राजाध्यक्षांच्या वाट्याला थोडे आले असते तर बरे झाले असते.

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यास जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमरन या इंग्रज बाईंची येथे आठवण होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि आपल्या भाच्या, दासी, मैत्रिणी यांचे चेहरे अगदी जवळून, किंचित अस्पष्ट ठेवून टिपले. त्या अस्पष्टतेबद्दल तत्कालीन जाणकारांनी त्यांना नावे ठेवली. पण त्यांच्या चित्रांतील तरुण मुली गुळगुळीत नाहीत. विस्कटलेले केस आणि विचारमग्न डोळे घेऊन त्या बसल्या आहेत. मऊपणा हा दोष नव्हे, तो सर्वत्र सारखाच वापरणे हा दोष होय, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

या आक्षेपाला आज एक नवे टोक आले आहे. हल्ली प्रत्येकाच्या खिशातील फोन चेहरा दिसताच तो आपोआप उजळ करतो, गाल तुकतुकीत करतो, डोळे किंचित मोठे करतो. राजाध्यक्ष जे करीत होते तेच यंत्र आता फुकट करते, असे म्हणणारे लोक आम्हांस भेटले आहेत. त्यांचे म्हणणे आम्हांस मुळीच पटत नाही. फोन जे करतो ते जुन्या कारागिराच्या पेन्सिलीचे काम, फक्त न विचारता केलेले. समोर कोण आहे हे त्याला ठाऊक नाही आणि जाणून घेण्याची गरजही नाही; वीस वर्षांच्या मुलीला आणि साठ वर्षांच्या मास्तरीणबाईंना तो एकच लेप लावतो. त्यातही वर्ण उजळ करण्याची त्याची खोड पाहिली की १९२० सालच्या त्या तांबड्याला आंधळ्या फिल्मची आणि पांढुरक्या भुकटीची आठवण व्हावी. तेव्हा निदान नाइलाज होता. आपल्या लेकीसुना स्वतःच्या सावळ्या रंगाचा फोटो पाहून तो 'नीट आला नाही' म्हणून पुसून टाकतात तेव्हा त्यात नाइलाज कोणता, हे आम्हांस कळत नाही.

घरोघरी यासंबंधी करता येण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या बहुतेक कुटुंबांत मागच्या पिढ्यांतील स्त्रीची छायाचित्रे मोजकी असतात. एक लग्नातले, मान खाली घातलेले. एखादे मुलाबाळांच्या घोळक्यात, अर्धे कापले गेलेले. आणि एक तिच्या मृत्यूनंतर त्याच घोळक्यातून कापून, मोठे करून, हार घातलेले. तिला कोणी निवांत बसवून, तिच्याशी चार गोष्टी बोलून, तिच्या मर्जीप्रमाणे चित्र घेतले असे क्वचितच घडले. त्यासाठी राजाध्यक्ष असावे लागत नाहीत. सकाळची खिडकी आणि अर्ध्या तासाची फुरसत पुरते.

एक सूचना करून हा लेख संपवू. दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात चित्रप्रदर्शने भरत असतात. तेथे कोणी बाबुराव पेंटर यांच्या स्त्रीचित्रांपैकी आणि त्यांच्या कंपनीच्या स्थिरचित्रांपैकी जी आज उपलब्ध आहेत ती, आणि त्यांच्याशेजारी राजाध्यक्षांची चित्रे, अशी एकत्र मांडावीत. एका भिंतीवर कमलादेवी आणि सुशीलादेवी, त्यांच्या मूळ नावांसह. समोरच्या भिंतीवर लताबाई. आणि मध्ये दुर्गाबाई दोनदा, एकदा 'प्रतिभा' मधील आणि एकदा वार्धक्यातील. दिवे मात्र डोक्यावरून थेट सोडलेले नसावेत. प्रदर्शनांत काचेवर दिव्यांचे प्रतिबिंब पडून चेहराच दिसेनासा होतो, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.